वाटसरूची भाकरी आणि सुलतानाची जकात



इतिहासावरचं व्याख्यान म्हटलं की लोकांना लढाई तरी हवी असते, नाहीतर राजा तरी. मी दोन्ही आणणार आहे, पण जरा उशिरा. आधी तुम्हाला एका मुक्कामाच्या जागेविषयी सांगायचं आहे. आजच्या तुर्कस्तानात कायसेरी नावाचं शहर आहे. त्याच्या पूर्वेला, सीरियाकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर, काराताय खान नावाची दगडी सराई उभी आहे. तिकडे तांड्यांच्या सराईला खान म्हणतात.

तेराव्या शतकाच्या मध्यावर ही सराई कशी चालवायची याचं एक दानपत्र लिहिलं गेलं. ते आजही उपलब्ध आहे. त्यात एक कलम असं आहे, की इथे उतरणारा वाटसरू मुसलमान असो वा नसो, पुरुष असो वा बाई, स्वतंत्र असो वा गुलाम, सगळ्यांना सारखंच जेवण द्यायचं. सारखंच! मोठ्या व्यापाऱ्याला वेगळं पान आणि हमालाला वेगळं पान, असा प्रकार नाही.

हे वाचून आपण भारावतो, आणि भारावायला माझी काही हरकत नाही. मीही भारावलो होतो. पण इतिहास वाचणाऱ्याला तिथेच थांबता येत नाही. त्याला विचारावं लागतं, की या भाकरीचे पैसे कोण भरत होतं? कशासाठी भरत होतं? आणि त्या कलमातला तो गुलाम कोण? तो तिथे आला कसा आणि चालला होता कुठे? आज मला या प्रश्नांच्या मागे जायचं आहे.

सुरुवात रस्त्यापासून करू. इमारत नंतर. रस्ता नसता तर ही इमारत कोणी बांधलीच नसती.

अकराव्या शतकात मध्य आशियाकडून आलेल्या सेल्जुक तुर्कांनी अनातोलियाच्या पठारावर राज्य उभं केलं. कोन्या ही त्यांची राजधानी. पठार मोठं, घोडे चांगले, फौज चांगली; पण शंभरएक वर्षं या राज्याची अडचण एकच होती, की त्याच्या हातात म्हणावं असं बंदर नव्हतं. माल यायचा-जायचा तो दुसऱ्याच्या दारातून. मग 1207 साली एक घटना घडली. काही व्यापारी कोन्याला सुलतानापुढे आले आणि अंताल्याच्या बंदरात आपल्याला लुबाडलं गेल्याचं गाऱ्हाणं त्यांनी घातलं. सुलतान पहिला कैखुस्रू. त्याने काय केलं? फौज काढली आणि अंताल्याच घेतलं. घेतल्यावर व्यापाऱ्यांचा सापडेल तेवढा माल परत दिला आणि उरलेली भरपाई खजिन्यातून केली, असं सेल्जुक इतिहासकार सांगतात.

आता यात व्यापाऱ्यांविषयीचं प्रेम किती आणि बंदराची हाव किती, हे तुमचं तुम्ही ठरवा. मला विचाराल तर व्यापाऱ्यांनी सुलतानाला आयतं निमित्त आणून दिलं. पण एक प्रघात मात्र पडला. सुलतानाच्या हद्दीत तांडा लुटला गेला तर नुकसान सरकार भरून देणार. चोरी झाली की प्रजेने रडायचं आणि कोतवालाने हात वर करायचे, हा जगाचा जुना रिवाज. त्या काळात एक राज्य भरपाईची हमी घेतं ही लहान गोष्ट नव्हे.

पुढे 1214 मध्ये उत्तरेचं सिनोप हातात आलं, म्हणजे काळा समुद्र उघडला. नंतर पहिल्या अलाउद्दीन कैकुबादने दक्षिणेचं अलान्या घेतलं आणि तिथे जहाजं बांधायची गोदी उभारली. आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकात दिल्लीचा एक कैकुबाद येतो. तो हा नव्हे. हा 1220 ते 1237 कोन्याच्या गादीवर होता आणि सेल्जुकांत सर्वांत थोर मानला जातो. गादीवर आल्याआल्याच, 1220 साली, त्याने व्हेनिसच्या लोकांशी करार केला आणि त्यांच्या मालावरची जकात शंभराला दोन इतकी खाली आणली. दोन टक्के! आजच्या कोणत्याही व्यापाऱ्याला हा आकडा ऐकवा, तो उठून तुमच्या पाया पडेल.

दोन टक्क्यांवर राज्य कसं चालायचं? माल भरपूर आला तरच. माल भरपूर कधी येईल? वाट सुरक्षित असेल तर. आणि वाट सुरक्षित कधी होईल? रोज संध्याकाळी तांड्याला एक दार बंद करून झोपता आलं तर. एवढा साधा हिशेब या सगळ्या भव्य दगडकामाच्या मुळाशी आहे.

लादलेला उंट दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर जातो. म्हणून कोन्याहून आक्साराय, आक्सारायहून कायसेरी, कायसेरीहून सिवास, आणि दक्षिणेला अंताल्या-अलान्याकडे, अशा वाटांवर साधारण एकेका दिवसाच्या मजलेवर सराया उभ्या राहिल्या. काही मजला त्याहून आखूड होत्या, विशेषतः डोंगरात. सेल्जुकांच्या काळातल्या दोनशेच्या आसपास सराया धरल्या जातात. काही पूर्ण उभ्या आहेत, काहींच्या भिंती, काहींची नुसती जोती.

आता आत जाऊ. त्यासाठी काराताय खानाच्या आधी सर्वांत मोठी सराई बघितली पाहिजे, ती म्हणजे आक्सारायजवळचा सुलतान खान. कोन्याहून निघालेल्या वाटेवर, सपाट माळरानात. ही खुद्द कैकुबादने 1229 मध्ये बांधवली. तिचा कारागीर मुहम्मद नावाचा, सीरियातल्या दमास्कसचा. त्याचं नाव दरवाजावर कोरलेलं आहे. सगळं आवार मिळून जवळजवळ 5,000 चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वा एकर.

बाहेरून बघाल तर भिंत. नुसती भिंत. जाड, उंच, कोपऱ्यांवर आणि मधे बुरूज, खिडकी म्हणाल तर एकही नाही. आणि या कोऱ्या भिंतीच्या मधोमध तेरा मीटर उंचीचा संगमरवरी दरवाजा. दरवाजावर कारागिराने जीव ओतला आहे. भूमितीची नक्षी एकमेकींत गुंतत जाते, वरची कमान पायऱ्यापायऱ्यांनी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी आत ओढली जाते. दरवाजा एकच. उंट ओझ्यासकट आत जाईल असा, आणि एकदा मिटला की सकाळपर्यंत मिटला. सगळी श्रीमंती त्या एका तोंडाशी का? कारण थकलेल्या माणसाला लांबून दिसायचं ते तेवढंच. आणि सुलतानाला दाखवायचं होतं तेही तेवढंच.

आत गेलं की मोठं अंगण. एका बाजूला उघड्या कमानींची ओसरी, माल उतरवायला आणि जनावरं बांधायला. दुसऱ्या बाजूला बंद खोल्या, मुदपाकखाना, हमाम. अंगणाच्या मधोमध चार कमानींवर उचललेली एक छोटी चौकोनी मशीद. वर जायला अरुंद दगडी पायऱ्या. अशी अधांतरी मशीद का, याची कारणं अभ्यासक वेगवेगळी देतात. मला सर्वांत पटतं ते सगळ्यांत साधं कारण: खाली अंगणभर उंट, घोडे, खेचरं, चिखल आणि शेण. नमाजाची जागा वर नेली की प्रश्न मिटला.

अंगण संपलं की दुसरा दरवाजा आणि त्यामागे हिवाळ्याचं दालन. ही या सरायांची खरी ओळख. आक्सारायचं पठार समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर उंच. उन्हाळ्यात भाजतं, हिवाळ्यात बर्फ. उन्हाळ्यात मुक्काम अंगणाच्या बाजूला, हिवाळ्यात या बंद दालनात. जाडजूड दगडी खांबांच्या रांगा, वर लांबच लांब कमानदार छत, आणि मध्यावर एक घुमट. त्या घुमटाच्या झरोक्यातून आणि भिंतीतल्या फटींतून येईल तेवढाच उजेड. माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली. खांबांच्या बाजूने उंचवट्यावर पथाऱ्या, खाली जनावरं.

इथे जरा थांबा आणि एका रात्रीची कल्पना करा. बाहेर हिमवादळ, आत पन्नासेक उंट उभे राहून श्वास टाकताहेत. त्यांच्या अंगाच्या उबेवर माणसं झोपली आहेत. वास कसला असेल हे सांगायला नको! युरोपातून आलेले प्रवासी पुढच्या शतकांतसुद्धा सरायांतल्या वासाबद्दल आणि पिसवांबद्दल तक्रारी करतात. चित्रातली सराई फार स्वच्छ असते. तिच्यातला व्यापारी नेहमी नुकताच आंघोळ करून आलेला दिसतो.

आता काराताय खानाकडे येऊ. आकाराने सुलतान खानापेक्षा लहान, पण आपल्यासाठी महत्त्वाचा, कारण त्याचा कागद टिकला. दगड बऱ्याच ठिकाणी टिकतो, कागद फार क्वचित.

ही सराई 1240-41 च्या सुमाराला पुरी झाली. बांधणारा जलालुद्दीन काराताय, सेल्जुक दरबारातला बडा अमीर. दानपत्र त्यानंतर काही वर्षांनी, 1247 च्या आसपासचं. काही गावांचं आणि मिळकतींचं उत्पन्न सराईला कायमचं तोडून दिलं आहे, आणि ते कशावर खर्च करायचं याची बारीक कलमं घातली आहेत. आपल्याकडे देवस्थानाला गाव इनाम देताना नंदादीपापासून गुरवापर्यंत तजवीज लिहीत, तशीच ही तजवीज.

माणसं कोण कोण? वर एक देखरेख करणारा. नमाज पढवणारा आणि बांग देणारा. पाहुण्यांची व्यवस्था बघणारा एक खास माणूस. कोठीवाला. आचारी. नालबंद. जनावरांचा वैद्य. हमाम बघणारा. प्रत्येकाचा पगार ठरलेला, धान्याचा वाटा ठरलेला. भांडीकुंडी कोणती ठेवायची तेही लिहिलेलं.

आणि पाहुण्याला काय? भाकरी, शिजवलेलं मांस, वाडगाभर कालवण. शुक्रवारी रात्री मधाचा हलवा. जनावराला दाणावैरण. घोड्याचा नाल पडला असेल तर नवा ठोकून द्यायचा, फुकट. गरीब वाटसरूच्या पायात काही नसेल तर त्याला पायताण द्यायचं. आजारी पडला तर बरा होईपर्यंत ठेवून घ्यायचं, औषधपाणी करायचं. मेला तर कफनाचा खर्च सराईचा.

मला त्यातलं पायताण फार महत्त्वाचं वाटतं. अन्न सगळेच देतात हो. अन्नदान हे पुण्याचं पहिलं पाऊल, ते कोणालाही सुचतं. पण चालणाऱ्या माणसाचं खरं दुखणं त्याच्या टाचेत असतं, हे ज्याला सुचलं तो कधीतरी स्वतः अनवाणी चालला असला पाहिजे.

आणि काराताय चालला होता? शक्यता मोठी आहे. कारण हा जलालुद्दीन काराताय जन्माने अमीर नव्हता, तुर्क नव्हता, मुसलमानही नव्हता. तो ग्रीक कुळातला गुलाम होता. शिलालेखांत त्याच्या नावापुढे ‘अब्दुल्लाचा मुलगा’ असं येतं. ज्याचा बाप मुसलमान नव्हता, अशा नवमुसलमानाच्या नावापुढे त्या काळी हेच बापाचं नाव लावत. त्याचा भाऊ कारासुंगुर, त्याच्याही नावापुढे अब्दुल्लाचा मुलगा. या कारासुंगुरने डेनिझ्लीजवळ पांढऱ्या दगडाची आक खान नावाची सराई 1253-54 मध्ये बांधवली. म्हणजे दोन भाऊ, दोघेही गुलाम म्हणून आलेले, दोघेही राज्याच्या वरच्या पायरीवर चढलेले, आणि दोघांनीही सराई बांधली.

आता ‘स्वतंत्र असो वा गुलाम’ हे कलम पुन्हा वाचा. कलम तेच, पण लिहून घेणारा कोण आहे हे कळल्यावर त्याचा आवाज बदलतो की नाही?

या बांधणाऱ्यांची यादीच मोठी मासलेवाईक आहे. मालात्याच्या उत्तरेला हेकिम खान आहे, 1218 चा. तो बांधला एका ख्रिस्ती वैद्याने, आणि त्याचा शिलालेख तीन भाषांत आहे: अरबी, सीरियाक आणि आर्मेनियन. कैकुबादची राणी महपेरी ही जन्माने ख्रिस्ती; मुलगा गादीवर आल्यावर राजमाता म्हणून तिने सराया बांधवल्या, त्यातली तोकातजवळची 1238-39 ची आजही बघता येते. कोन्याजवळचा झाझादिन खान 1236 चा. बांधणारा सादुद्दीन कोपेक, दरबारातला भलताच कारस्थानी माणूस. त्याने भिंतीत सर्रास जुन्या बायझंटाइन इमारतींचे कोरीव दगड बसवले. एखाद्या दगडावर क्रूस दिसतो, एखाद्यावर ग्रीक अक्षरं. हे मुद्दाम केलं की तयार दगड स्वस्तात मिळाला म्हणून, यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. दोन्ही असेल.

म्हणजे हिशेब जमला? एक उदार राज्य, दयाळू अमीर, सर्वांना समान भाकरी? इथे टाळ्या वाजवून घरी जायचं?

नाही. अजून मालाची यादी बघायची राहिली आहे.

या वाटांवरून काय जात होतं? तुरटी: कापड रंगवायला आणि कातडं कमवायला युरोपला तुरटी लागायची, आणि ती अनातोलियात मुबलक. फ्रान्सच्या राजाकडून मंगोल दरबारी जाऊन आलेला साधू विल्यम ऑफ रुब्रुक 1255 मध्ये कोन्याला पोचला, तेव्हा दोन इटालियन व्यापाऱ्यांनी तुरटीची सगळी खरेदी मुठीत धरून तिचा भाव तिपटीच्या वर नेल्याचं तो लिहितो. बघा, साठेबाजी कुठे आणि केव्हापासून आहे! शिवाय लोकर, गालिचे, घोडे. दक्षिणेकडून साखर, मसाले, मिसरी कापड. उत्तरेच्या गवताळ मैदानातून, काळ्या समुद्रावरून, लोकरी कातडी.

आणि माणसं. उत्तरेच्या किपचाक टोळ्यांतली मुलं, मुली, पुढे मंगोल स्वाऱ्यांत धरलेले लोक. सिनोप बंदरातून सिवासला, सिवासच्या बाजारातून कायसेरीच्या बाजूने सीरियाला आणि तिथून इजिप्तला. इजिप्तच्या फौजेला तरणे गुलाम हवे असत. तिथली अख्खी लष्करी व्यवस्थाच त्यांच्यावर उभी होती. तेराव्या शतकात अनातोलियाची वाट ही त्या पुरवठ्याची एक मोठी नस होती. सुलतानाची जकात गालिच्यावर होती तशी या मुलांवरही होती.

म्हणजे दानपत्रातला गुलाम हा केवळ मालकाबरोबर चाललेला नोकर नव्हे. कधी तो स्वतःच माल होता. त्याला काराताय खानात इतरांइतकीच भाकरी मिळत होती, इतरांइतकंच मांस. आणि सकाळी दार उघडल्यावर तो त्याच तांड्याबरोबर पुढच्या बाजाराकडे निघत होता.

काही जण म्हणतील, मग ते दानपत्र ढोंग आहे. मी तसं म्हणणार नाही. काही म्हणतील, काळच तसा होता, त्याला काय करणार? हेही मला पुरेसं वाटत नाही. मला एवढंच दिसतं की ही दया आणि हा व्यापार एकाच खजिन्यातून, एकाच वाटेवर, बऱ्याचदा एकाच माणसाच्या हातून चालत होते, आणि कारातायसारखा माणूस त्या दोन्हींच्या आतून आला होता. त्याने बाजार बंद केला नाही. बाजाराकडे जाणाऱ्याला हलवा दिला. आपण यातलं एकच वाक्य उचललं तर इतिहास सोपा होतो. खरा राहत नाही.

आता कबूल केल्याप्रमाणे लढाई. 26 जून 1243, कोसे दाग. मंगोल फौजेपुढे सेल्जुक फौज पळाली. त्यानंतर कोन्याची गादी राहिली, पण सत्ता मंगोलांची. लक्षात घ्या, काराताय खानाचं दानपत्र या पराभवानंतरचं आहे. राज्य मोडत असताना हा माणूस पायताणाची आणि मधाच्या हलव्याची कलमं लिहून घेत होता. तीन अल्पवयीन राजपुत्रांना एकत्र गादीवर बसवून कारभार तोच हाकत होता. कोन्यात त्याने 1251 मध्ये मदरसा बांधला, ज्याच्या घुमटाखालच्या निळ्या फरशा बघायला आज लोक जातात. 1254 मध्ये तो वारला आणि त्याच मदरशात पुरला गेला.

सराया लगेच ओस पडल्या नाहीत. मंगोलांनाही वाट हवी होती, मंगोलांनाही जकात हवी होती. पण हळूहळू जमिनीची उत्पन्नं दुसऱ्यांच्या घशात गेली, वाटा बदलल्या. 1330 च्या दशकात इब्न बतूता, तोच, जो पुढे आपल्या दौलताबादेला येऊन गेला, अनातोलियात फिरला तेव्हा त्याचा पाहुणचार मुख्यतः गावोगावच्या अखी मंडळींनी केला. हे कारागिरांचे, तरुणांचे संघ. दिवसभर कमवायचं आणि रात्री पाहुण्याला जेवू घालायचं. पाहुणचार सरकारी सराईतून गल्लीत आला होता. आपल्याकडे अजिंठ्याला जाताना फर्दापूरची मुघलांच्या काळातली सराई ज्यांनी बघितली असेल, त्यांना कल्पना येईल की उत्पन्न थांबलं की अशा जागेचं काय होतं.

पण इब्न बतूता येण्याआधीची एक गोष्ट सांगायची आहे, आणि मग मी थांबणार आहे.

किपचाक टोळीतला एक मुलगा मंगोलांच्या धामधुमीत धरला गेला आणि सिवासच्या बाजारात विकला गेला. तिथून सीरियात, मग इजिप्तच्या फौजेत. एका डोळ्यात फूल पडलेलं, त्यामुळे भाव कमी आला होता असं सांगतात. त्याचं नाव बायबर्स. हाच पुढे इजिप्त आणि सीरियाचा सुलतान झाला. 1277 च्या एप्रिलमध्ये तो फौज घेऊन अनातोलियात उतरला, एल्बिस्तानच्या मैदानावर त्याने मंगोलांचा पराभव केला आणि कायसेरीकडे निघाला. वाटेत काराताय खान लागला. बरोबर त्याचा चिटणीस होता, इब्न अब्द अल-झाहिर. या चिटणिसाने स्वारीचा वृत्तांत लिहिला आणि त्यात ही सराई आवर्जून नोंदवली: घडीव दगडाचं काम, हमाम, दवाखाना, औषधं, बिछाने, जनावरांची सोय. शत्रूच्या मुलखातल्या इमारतीचं इतकं मन लावून वर्णन लढाईच्या वृत्तांतात कमी वेळा सापडतं.

बायबर्स कायसेरीत थोडेच दिवस राहिला. रसद कमी पडत होती, मंगोल बादशहा आबाका मोठी फौज घेऊन येत होता. बायबर्स परत फिरला आणि त्याच उन्हाळ्यात दमास्कसला वारला. आबाकाने राग काढला तो मागे राहिलेल्या प्रजेवर. कायसेरीपासून पूर्वेकडे कत्तली झाल्या, आणि सेल्जुकांचा कारभारी मुईनुद्दीन परवाने याला मंगोलांनी ठार केलं.

पुढच्याच वर्षी, 1278 मध्ये, आगीत नुकसान झालेला आक्सारायचा सुलतान खान एका सेल्जुक अधिकाऱ्याने दुरुस्त करून घेतला. तसा शिलालेख तिथे आहे. गादीवर तेव्हा तिसरा कैखुस्रू होता आणि जकात मंगोलांकडे जात होती.